रायफलच्या आधी काडतुसाचं बघ

प्रिय संज्या,

बंदुकीचं लायसन्स हातात आलं ऐकून लई बरं वाटलं रे, दोन वर्षं ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्यास. पण परवा फोनवर म्हणालास की .30-06 बोरचीच (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रायफल घेणार, तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून सविस्तर लिहितोय.

.30-06 वाईट नाहीच, अमेरिकन सैन्याचं 1906 सालचं काडतूस ते, लांबवर नेम धरायचा तर .315 पेक्षा कितीतरी सरस. पण तुला लांबवर मारायचंय कुठं? आणि दुकानात जाऊन विचार, .30-06 चे राऊंड, म्हणजे काडतुसं, आत्ता आहेत का, पुढच्या वर्षी मिळतील का आणि एकाला किती पडतात. लायसन्सवर वर्षाचा कोटा ठरलेला असतो, त्यात महागडे राऊंड म्हटल्यावर माणूस जपून जपून ठेवतो, सराव राहतो बाजूला आणि रायफल कपाटात.

म्हणून माझं म्हणणं .315 घे. इंग्रजांनी सैन्याचं .303 सामान्य माणसाला बंद केलं, त्यामुळं आपल्याकडं हे बोर रुजलं, आणि आजही रायफल इशापूरच्या कारखान्याची आणि काडतूस आपल्या खडकीच्या कारखान्याचं मिळतं. गोळी जड, साधारण 16 ग्रॅमची, वेग बेताचा, पण शंभर मीटरच्या आत याहून जास्त लागतंय कशाला.

एक गोष्ट मात्र नीट शिकून घे. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझीन, म्हणजे रायफलीतली काडतुसांची पेटी, भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढंच बसली पाहिजे, मागं राहिली की बोल्ट (काडतूस नळीत सारणारा दांडा) पुढं ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात. आबांच्या रायफलीत माझं असंच झालं होतं, रेंजवर सगळे थांबलेले आणि मी घामाघूम होऊन बोल्ट ओढतोय, त्यानंतर महिनाभर रोज रात्री डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं भरायचो आणि काढायचो, तेव्हा कुठं बोटांना सवय झाली.

सरावासाठी पुढंमागं .22 चाही विचार कर, 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन हत्यारं ठेवता येतात. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, धक्का नावालाच, राऊंड सगळ्यात स्वस्त. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटरला ब्राँझ आणलं ते .22 वरच. पण लहान म्हणून हलक्यात घेऊ नकोस, ती गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाते. .315 चं तर विचारूच नको, मागं मातीचा बांध किंवा डोंगर असल्याशिवाय बार काढायचाच नाही, उसाच्या फडात पलीकडं कोण बसलंय ते दिसत नाही.

आणि डुकरांसाठी घेत असशील तर आधी वनखात्याकडं जा, हत्याराचं लायसन्स म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. तुझ्या भुईमुगाचं काय झालंय ते मी डोळ्यानं बघितलंय, राग येतो हे खरंय, पण कागद हातात आल्याशिवाय बोल्टला हात लावू नकोस.

रविवारी इकडं ये. आबांची रायफल आहे, डमी काडतुसं पण आहेत, अंगणात बसून दहा वेळा भरून बघ, खांद्याला लावून बघ, मग दुकानात जाऊ दोघं. वहिनींना आणि पोरांना विचारलंय म्हणून सांग.

तुझाच,
बाळ्या