प्रागच्या काकूंना

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

तुमचा व्हिडिओ काल रात्री बाबांना दाखवला. अजून मन ठिकाणावर नाही, म्हणून लगेच लिहायला बसले. उघडपणे लिहितेय, कारण हे ऋण घरातल्या घरात ठेवण्याजोगं नाही.

चेक चित्रपटाचा आद्य प्रवर्तक यान क्रिझेनेत्स्की, त्याच्यावर आमच्या फिल्म सोसायटीत बोलायचं ठरलं, पण हाताशी होतं ते सगळं चेक भाषेत. ज्यांचं कामच हे आहे त्यांना पत्रं लिहिली. एका संस्थेने उत्तरच दिलं नाही. एका जाणकारांनी तर ‘त्याचं इथे कुणाला काय पडलंय?’ म्हणून बोळवण केली. ते अजून सलतं.

तुम्ही मात्र ओळख ना पाळख, पानंच्या पानं मराठीत करून दिलीत. त्यातून मला तो माणूस दिसला. प्राग पालिकेच्या बांधकाम खात्यात नोकरी करायची, पाडल्या जाणाऱ्या जुन्या गल्ल्यांचे फोटो काढून ठेवायचे, आणि १८९८च्या प्रदर्शनात ल्युमिएर बंधूंच्या चित्रीकरण यंत्रावर स्वतः चित्रित केलेले पहिले चेक चित्रपट लोकांना दाखवायचे! जेमतेम मिनिटभराचे ते चित्रपट. त्यातल्या एकात नुसता श्वाब-मालोस्त्रान्स्की या नटाचा चेहरा, आधी हसणारा, मग रडणारा. आपल्याकडचे आद्य चित्रपटकार सावेदादा भाटवडेकर, त्यांनी १८९९मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, ती फिल्म आज उरलेली नाही. क्रिझेनेत्स्कीच्या पट्ट्या प्रागच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहाने जपल्या, म्हणून आपण त्या पाहू शकतो.

पण काकू, मला सगळ्यांत भिडलं ते वेगळंच. बाबांनी तंबू टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवला, आता ते अंथरुणाला खिळलेत, हे मी सहज लिहून गेले होते. क्रिझेनेत्स्कीने १९०८मध्ये उघड्या ट्राममधून प्राग टिपलं, ती फिल्म त्यांना फार आवडते, हेही. तेवढ्यावरून तुम्ही ऐन थंडीत ट्राममध्ये बसलात आणि काचेला फोन टेकवून, एक शब्द न बोलता, आजचं प्राग बाबांसाठी टिपून पाठवलंत. बाबांनी दोन्ही फिल्म पाठोपाठ लावायला लावल्या. म्हणाले, “बाईंचा हात स्थिर आहे.” त्यांच्या तोंडून याहून मोठी दाद मी ऐकलेली नाही.

कुणी मागितलेलं नसताना दुसऱ्याच्या म्हाताऱ्या बापाचा विचार करणारी माणसं आहेत, म्हणून जगण्यात राम आहे.

तुम्ही नाव नको म्हणालात, म्हणून इथे लिहिलं नाही. व्याख्यानात तरी घेऊ द्या. बाबांचाही तोच हट्ट आहे.

तुमची,
एक ऋणी मुलगी