संगीत शिक्षकांसाठी स्वतंत्र पदव्युत्तर पदवी हवी

महोदय,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये कलाशिक्षणावर भर दिला असला, तरी शाळेत संगीत शिकवणारा शिक्षक कोठे तयार व्हायचा, याची सोय मात्र आपल्या विद्यापीठांत दिसत नाही. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग किंवा पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र येथील पदव्युत्तर शिक्षण मोलाचे आहे. परंतु त्याचा रोख मुख्यतः कलावंत आणि अभ्यासक घडवण्याकडे आहे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतच्या परीक्षा प्रामुख्याने परीक्षार्थीची स्वतःची तयारी तपासतात. बी.एड.ला भाषा, गणित, इतिहास यांच्या अध्यापनपद्धती सर्रास शिकवल्या जातात, संगीताची क्वचितच.

याचा परिणाम वर्गात दिसतो. तास पस्तीस मिनिटांचा, मुले साठ, पेटी एक. शिक्षक पुरुष असेल तर तो आपल्या सोयीची पट्टी (गाण्याचा आधारस्वर) धरतो आणि मुलींना खालचे स्वर लागतच नाहीत. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा त्यांना कोणत्या स्वरमर्यादेत गाऊ द्यावे हे ठाऊक नसल्याने ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगून मोकळे होणारे शिक्षक कमी नाहीत. त्यांना दोष तरी कसा द्यावा? याच मंडळाच्या विशारद परीक्षेच्या तयारीत बडा ख्याल (संथ लयीतले रागगायन) येतो, फुटलेला आवाज येत नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढल्यानंतर संगीत शिक्षक तयार करण्यासाठी वेगळा उपदेशक वर्ग चालवला होता, हे येथे आठवते.

विद्यापीठांनी दोन वर्षांची अशी पदवी सुरू करावी, की जिचे वर्ग शनिवार-रविवारी आणि उन्हाळी सुटीत भरतील, म्हणजे नोकरीतील शिक्षकांना रजा न काढता ती करता येईल. बालआवाजाची जोपासना, समूहगान बसवणे, ओवी-भारूड-पोवाड्यातून ताल शिकवणे आणि मूल्यमापन हे तिचे विषय असावेत. निम्मे गुण प्रत्यक्ष शाळेतील पाठांना द्यावेत. शिकवणार कोण, ही अडचण खरी आहे. पण उत्तम वृंदगान बसवणारे कितीतरी निवृत्त शाळा-शिक्षक आहेत, त्यांना नेट-सेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षांची अट न लावता अभ्यागत म्हणून बोलवावे.

अर्थात शिक्षण हक्क कायद्यानुसार शंभरहून अधिक पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळांतही कलेसाठी अंशकालीन निदेशकच अपेक्षित आहे. तेव्हा या पदवीला वेतनश्रेणीत स्थान आणि पूर्णवेळ पद मिळेल, हे शासनाने पहिला प्रवेश होण्यापूर्वीच जाहीर करावे.

— एक निवृत्त संगीत शिक्षिका, सांगली