सत्कार आवरा, आलापाला वेळ द्या

महोदय,

अंगावर काटा आणणाऱ्या अनुभवांविषयी आपल्या पुरवणीत वाचकांनी लिहिलेला मजकूर आवडीने वाचला. घाटात मध्यरात्री बंद पडलेली गाडी, किल्ल्यावरची चुकलेली वाट, असे भीतीचे प्रसंगच त्यात अधिक होते. एखाद्या सुराने अंगावर शहारा आल्याचे मात्र कोणीच लिहिले नाही. ज्या शहरात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो, तेथे याचे नवल वाटते. हा अनुभव पुण्यातून कमी होत चालला आहे आणि त्यात आपल्या आयोजकांच्या हौसेचा वाटा मोठा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शरीराच्या दृष्टीने पाहिले, तर काटा भीतीचा असो वा आनंदाचा, यंत्रणा एकच आहे. केसाच्या मुळाशी असलेला बारीकसा स्नायू आखडतो आणि केस उभा राहतो. कुत्रा समोर आल्यावर मांजर फुगते तेही याच स्नायूंच्या बळावर. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भावांमध्ये, म्हणजे मनातली भावना शरीरावर आपोआप उमटण्याच्या प्रकारांमध्ये, रोमांचाची गणना झालेलीच आहे. संगीताने येणाऱ्या रोमांचाचा अभ्यास मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या संगीताने हमखास शहारा येतो तेच श्रोत्यांना ऐकवून त्यांनी मेंदूतील डोपामाइन या रसायनाचा माग घेतला, तेव्हा ते उत्कट क्षणी तर स्रवतेच, पण तो क्षण येणार या नुसत्या प्रतीक्षेतही मेंदूच्या दुसऱ्या एका भागात स्रवते, असे आढळले. म्हणजे रोमांच हवा असेल, तर आधी ताटकळणे आलेच.

आपल्या रागसंगीताची सगळी बांधणी या ताटकळण्यावर उभी आहे. मारवा या रागाचे उदाहरण घ्यावे. त्यात पंचम, म्हणजे ‘प’, वर्ज्य. गायक कोमल रिषभावर (‘रे’) आणि धैवतावर (‘ध’) रेंगाळत राहतो, षड्ज, म्हणजे आधाराचा ‘सा’, जवळ येतो असे वाटते आणि तो टाळून स्वर पुन्हा मागे वळतो. अशी दहा-पंधरा मिनिटे सभागृहाला अस्वस्थ ठेवून जेव्हा गायक अखेर षड्जावर येऊन स्थिरावतो, तेव्हा शेजारच्या अनोळखी गृहस्थाच्याही तोंडून नकळत दाद निघते. तोच षड्ज पहिल्या मिनिटात लावला, तर कोणाचा केसही हलणार नाही.

अलीकडे सदाशिव पेठेतील एका सभागृहात सायंकाळी सहाची मैफल होती. मारवा हा सूर्यास्ताच्या वेळचा राग असल्याने तो ऐकायला मिळेल, या आशेने अनेक जण वेळेआधीच येऊन बसले होते. प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रायोजकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, त्यांचे मनोगत आणि त्या मनोगतावर निवेदिकेचे रसग्रहण, एवढे होईपर्यंत सव्वासात वाजले. तानपुरे लावून ताटकळलेल्या गायिकेने ‘आता मारव्याची वेळ टळली’ असे हसत सांगून दुसरा राग घेतला, तोही आटोपता. कारण साडेआठला सभागृह रिकामे करून द्यायचे होते. त्या संध्याकाळी काटा आला तो वातानुकूलन यंत्रामुळे.

उघड्यावरील मैफलींची स्थिती अधिक बिकट आहे. ध्वनिक्षेपकांना रात्री दहानंतर एरवी बंदी असल्याने, पूर्वी रात्रभर चालणाऱ्या मैफलींमधील मालकंस, दरबारी यांसारख्या उत्तररात्रीकडे झुकणाऱ्या रागांची आधीच कुचंबणा झालेली आहे. आजूबाजूच्या रहिवाशांच्या झोपेचा विचार करता हा नियम मला मान्य आहे, आणि म्हणूनच हाती उरलेल्या चार तासांत तीन कलाकार, दोन सत्कार आणि एका स्मरणिकेचे प्रकाशन कोंबणे मान्य नाही. कलाकाराच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास आला की विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल पाच-दहा मिनिटांत उरकला जातो आणि टाळ्या घेण्यासाठी द्रुत लय व सवाल-जवाब लवकर सुरू होतात. टाळ्या पडतात, यात शंका नाही. पण टाळ्या आणि रोमांच यांचे गणित निराळे आहे. त्यातच समोरच्या रांगेत मोबाइलचे पडदे उजळले की डोळे मिटून ऐकण्याचाच काय तो मार्ग उरतो.

सत्कारांना माझा विरोध नाही. प्रायोजकांवाचून मैफली होत नाहीत, हे कळते. त्यांचा सन्मान गायन संपल्यावर करावा, इतकेच म्हणणे आहे. ज्यांना त्यात रस आहे ते थांबतील. आपल्या दैनिकाने ‘शहरात आज’ या धर्तीच्या सदरात कार्यक्रमाच्या वेळेबरोबर प्रत्यक्ष गायन-वादन सुरू होण्याची वेळही छापावी आणि ती कळवणे आयोजकांना बंधनकारक करावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक श्रोता, नारायण पेठ, पुणे