आरोग्यमंत्री साहेब, डोळ्याच्या इंजेक्शनबरोबर एक कागद पण द्या

मा. आरोग्यमंत्री, गोवा राज्य, नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातला. आई ७४ वर्षांची. दोन वर्षांमागे तिला दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, तपासलं तर वेट एएमडी, म्हणजे वयामुळे डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात आणि गळतात. तेव्हापासून थेट डोळ्यात इंजेक्शन. नजर टिकली ती त्यामुळेच, हे आधीच सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल हा इंजेक्शनच्या विरोधात आहे.

पहिल्या इंजेक्शननंतर डोळा कुंकवासारखा लाल. शेजाऱ्याची गाडी काढून पळालो तर डॉक्टर म्हणाले काही नाही, सुई टोचली तिथलं रक्त पसरलंय, आपोआप जाईल. गेलं पण. आई त्यातून एवढंच शिकली की लाल झालं तर घाबरायचं नाही.

मग गणेश चवथीच्या तोंडावर पाचवं इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी डोळा लाल, ठणका, उजेड सहन होईना आणि ही आपली नेवऱ्या तळत बसलेली, म्हणे मागे पण असंच झालेलं ना. रात्री म्हणाली तुझं तोंड धुरकट दिसतं, तेव्हा निघालो. डोळ्याच्या आत इन्फेक्शन! हजारोंत एखाद्यालाच होतं, पण झालं तर एकेक तास महत्त्वाचा. डोळ्यातच अँटिबायोटिक टोचलं, नजर वाचली, सगळी नाही.

मला कोणाशी भांडायचं नाही. सहीच्या इंग्रजी फॉर्मात हे सगळं असेलही, पण आई मराठी चौथी शिकलेली.

तर साहेब, प्रत्येक पेशंटला मराठी-कोंकणीत एक कागद द्या, अक्षरं मोठी (नजर गेलेल्या माणसाला मुंगीएवढ्या अक्षरातला कागद देतात, काय बोलायचं). लाल डाग, थोडी चुरचुर, एक-दोन दिवस तरंगणारे ठिपके, हे चालतं. दुखणं वाढलं, नजर कमी झाली, उजेड खुपला, कडेने पडदा आल्यासारखं किंवा विजा चमकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी या, सकाळची वाट बघू नका. खाली रात्री आणि चवथीला पण कोणीतरी उचलेल असा नंबर. आणि औषधाचं नाव, बॅच नंबर लिहा, कारण काही ठिकाणी एकाच बाटलीतलं औषध छोट्या सिरिंजांत भरून अनेकांना देतात, त्यातल्या एकाला त्रास झाला तर बाकीच्यांना लगेच फोन तरी करता येईल.

सध्या मीच वहीच्या पानावर मार्करने लिहून फ्रिजवर चिकटवलंय. शेजारच्या काकी परवा त्याचा फोटो काढून घेऊन गेल्या, त्यांचं पहिलं इंजेक्शन सोमवारी आहे.

आपला,
सत्तरीतला एक मतदार