अण्णांची चप्पल

कराड,
28 नोव्हेंबर

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या दिवाळीचे तुझे पत्र अजून माझ्या खणात उत्तराविना पडून आहे आणि मध्ये दुसरी दिवाळी येऊन गेली, तेव्हा तू ज्या शिव्या घालशील त्या मी आधीच खाल्ल्या आहेत असे समज. इकडे सर्व ठीक. सौ.चे गुडघे कुरकुरतात, माझे दोन दात गेले, एवढेच. फोन करता आला असता. पण ही गोष्ट फोनवर बोलण्यासारखी नव्हती, आणि तुझ्यावाचून दुसऱ्या कोणाला सांगून उपयोगही नव्हता, कारण तुझ्या वडिलांच्या, अण्णांच्या चपलेची हकिगत फक्त तुला ठाऊक आहे.

तीन आठवड्यांपूर्वी संध्याकाळी नेहमीप्रमाणे प्रीतिसंगमावर फिरून परत येत होतो. वाटेत मेथीची जुडी घ्यायला थांबलो, तर भाजीवाली माझ्या पायांकडे पाहून म्हणाली, "गुर्जी, येक चप्पल कुठं इसरलासा?" मी खाली पाहिले. उजव्या पायात चप्पल होती, डावा पाय अनवाणी होता. मागे वळून शोधत गेलो, तर शे-दीडशे पावलांवर, रस्त्याच्या कडेला, ती चप्पल जशी पायातून सुटली तशी सरळ पडलेली होती. एवढे अंतर मी एका पायाने खडीवरून चाललो आणि मला त्याचा पत्ता नव्हता. घरी येऊन पाय धुताना सौ.ने तळव्यात रुतलेला बाभळीचा काटा दाखवला. तिने तो चिमट्याने ओढून काढला, आणि मी दुसऱ्याच्या पायातला काटा काढताना पाहावे तसा पाहत बसलो होतो.

सदा, त्या क्षणी मला तुमची ओसरी दिसली. अण्णा मारुतीच्या देवळातून एकाच चपलेने घरी आले आणि आपण दोघे पोट धरून हसलो. तू घरचा होतास, तुझे हसणे माफ होते. मी मात्र पुढे वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनात अण्णांच्या त्या चालीची नक्कल करून टाळ्या घेतल्या. त्यांचा अंगठा काळा पडला आणि पाय गुडघ्याखालून काढावा लागला, तेव्हा तू म्हणालास की अण्णांना कळतच नव्हते, आणि मी विज्ञानशाखेचा विद्वान असल्यामुळे तुला ऐकवले, "स्वतःच्या पायातली चप्पल गेलेली कळत नाही असे होईल कसे? निष्काळजीपणा म्हण." त्यानंतर तू माझ्याशी आठ महिने बोलला नाहीस. पुढे बोलू लागलो ते परीक्षेच्या जर्नलसाठी, आणि तो विषय तसाच राहून गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. बाई तरुण आहेत, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी खणातून काय काढले असेल? नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क. आपल्या प्रयोगशाळेतला तू टेबलाच्या कडेवर आपटून वाकवलास आणि दंड मात्र मी भरला तसाच, फक्त 128 हर्ट्झचा आणि बुंध्याला बसकी चकती असलेला. आधी तो वाजवून त्यांनी माझ्या मनगटाच्या हाडावर टेकवला. झिणझिण स्पष्ट आली. मग पायाच्या अंगठ्यावर टेकवला. काटा थरथरताना मला दिसत होता, त्याचा बारीक गुणगुणाटही ऐकू येत होता, पण अंगठ्याला त्याची खबर नव्हती. घोट्यावर अंधूक, गुडघ्यावर ठीक. त्यानंतर नायलॉनचा एक जाडसर तंतू आणला, जो 10 ग्रॅमच्या दाबाने वाकतो. "डोळे मिटा, आणि स्पर्श झाला की हो म्हणा." मी प्रामाणिकपणे हो, हो म्हणत गेलो. डोळे उघडल्यावर बाई म्हणाल्या की दोनदा त्यांनी तंतू लावलेलाच नव्हता आणि चारदा लावला तेव्हा मी गप्प होतो. तू गैरहजर असताना सकाळच्या तासाला मी तुझी हजेरी लावत असे, तसा हा प्रकार झाला.

रक्ताचे आकडे असे: उपाशीपोटी 168, जेवणानंतर दोन तासांनी 251, आणि तीन महिन्यांचा ताळेबंद सांगणारे एचबीए1सी 8.9. (126, 200 आणि 6.5 या पायऱ्या ओलांडल्या की मधुमेह म्हणतात. मी तिन्ही ओलांडल्या.) मधुकराला मधुमेह, हा विनोद तू करणारच, म्हणून मीच करून टाकतो. सहा वर्षांपूर्वी हाच एचबीए1सी 6.1 आला होता आणि काठावर आहात, असे मला सांगितले होते. काठावर म्हणजे अजून पाण्यात नाही, असा सोयीचा अर्थ मी घेतला. रात्री तीनतीनदा उठावे लागे, ते वयाच्या खात्यावर मांडले. साखर 180 च्या आसपास गेली की मूत्रपिंडाला गाळलेली सगळी साखर परत घेणे जमत नाही, ती लघवीत उतरते आणि जाताना पाणी घेऊन जाते, हे मी वर्गात शिकवलेले आहे. स्वतःच्या बाबतीत मात्र ते सुचले नाही.

मला सर्वांत नवल वाटले ते उपाशीपोटीच्या 168 चे. आदल्या रात्री आठ वाजता भाकरी-आमटी खाल्ली, त्यानंतर पाण्याखेरीज काही घेतले नाही; मग सकाळी सातला ही साखर आली कुठून? बाईंनी सांगितले ते असे, की ती माझ्याच यकृताने रात्रभर ओतली. निरोगी माणसातही यकृत रात्री साठ्यातली साखर थोडीथोडी सोडते, कारण मेंदूला ती अखंड लागते. फक्त स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन त्याला पुरे म्हणून सांगत असते. माझ्या यकृताला आणि स्नायूंना तो निरोप नीट पोचत नाही. रक्त साखरेने भरलेले असूनही घरात दुष्काळ पडला आहे अशा समजुतीने यकृत कोठार उघडत राहते, आणि स्नायू मात्र साखर समोरून वाहत असताना ती हवी तेवढी उचलत नाहीत. स्वादुपिंड बिचारे वर्षानुवर्षे अधिक इन्सुलिन गाळून वेळ निभावून नेते, आणि एक दिवस त्याच्याच्याने होत नाही. तीस वर्षे मी फळ्यावर इन्सुलिनची किल्ली आणि पेशीचे कुलूप काढून दाखवत आलो. किल्ली हातात असून कुलूप गंजलेले असते, ही गोष्ट घाईघाईत शेवटच्या पाच मिनिटांत उरकत असे. मला दिलेली मेटफॉर्मिनची गोळी मुख्यतः त्या यकृताचाच हात आवरते.

तू म्हणशील, तू तर काडीपैलवान, तुला शुगर कशी? मीही हेच विचारले. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच एकत्र छायाचित्र छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, 22.3, पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. म्हणजे आपल्याकडचा सडपातळ माणूस वरून सडपातळ असतो. बाईंनी टेप घेऊन माझे पोट मोजले तेव्हा मी श्वास आत ओढून धरला, आणि त्यांनी हसून तो सोडायला लावला.

आता पायांचे. ही गोष्ट मी तुला सविस्तर सांगणार आहे, कारण चाळीस वर्षांपूर्वी तू बरोबर होतास. मज्जातंतूला साखर आत घेण्यासाठी इन्सुलिनची गरज लागत नाही. त्यामुळे रक्तात पूर आला की तो तिथे सरळ आत शिरतो, आणि त्या साखरेचे जे काही होते ते तंतूला मानवत नाही. शिवाय तंतूंना रक्त पुरवणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, म्हणजे उपासमारही होते. हे सगळीकडेच होत असते, पण अंगठ्यातली बातमी आणणारा तंतू कमरेच्या मणक्यांपाशी असलेल्या पेशीपासून निघून जवळजवळ एक मीटर लांब जातो, आणि टोकाला लागणारा बहुतेक माल त्याला तिथून पाठवावा लागतो. एस.टी.च्या अडचणीच्या काळात डोंगरातल्या शेवटच्या गावाची मुक्कामाची गाडी आधी बंद होते, तसे हे आहे. म्हणून सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते आणि मोजा वर ओढावा तशी बधिरता चढत जाते. त्यात दुखत नसेल तर माणूस डॉक्टरकडे जातो कशाला? अण्णांच्या भेगा आठवतात? घामाची व्यवस्था पाहणारे तंतू गेले की कातडी कोरडी पडून टाचा फुटतात. भेगेतून जंतू शिरतात, चढ्या साखरेत पांढऱ्या पेशींची लढाई मंद असते, रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, आणि जखम चिघळत असताना माणूस त्याच पायावर निवांत चालत असतो, कारण त्याला लंगडायला लावणारी वेदनाच नसते. त्यात निष्काळजीपणा कुठे होता, सदा? तुझ्या आई रोज त्यांच्या पायांना खोबरेल चोळत असत, हेही मला ठाऊक होते.

ब-12 जीवनसत्त्वही तपासले. तेही कमी निघाले, आणि ते कमी असले तरी पाय बधिर होतात. मेटफॉर्मिनने ते आणखी उतरू शकते, म्हणून इंजेक्शने चालू आहेत. गेलेली संवेदना कितपत परत येईल याचे आश्वासन बाईंनी दिलेले नाही. डोळ्यांचे पडदे ठीक आहेत, लघवीत प्रथिने नाहीत. रोज रात्री झोपण्यापूर्वी मी जमिनीवर आरसा ठेवून तळवे पाहतो, म्हाताऱ्या नटीसारखा. सौ.ने गुळाचा डबा कुठे लपवला आहे ते मला माहीत आहे आणि मला ते माहीत आहे हे तिला माहीत नाही. अजून तरी मी त्याला हात लावलेला नाही.

खरी अडचण पुढे आहे. चालणे हेच मोठे औषध, कारण चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता साखर उचलतो; आणि चालायचे ते याच भरवसा नसलेल्या पायांनी. अनवाणी तर घरातसुद्धा चालायचे नाही. वैशाखात देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवे भाजून फोड आलेले लोक बाईंनी पाहिले आहेत, त्यांना ते घरी गेल्यावर कळले. तेव्हा आषाढीला आळंदीपासून चालण्याच्या तुझ्या बेतात मी बुटांनिशी तुला मान्य असेन तर बघ. तू मागे लिहिले होतेस की माउलींच्या वाटेवर बूट घालणाऱ्याशी तू बोलणार नाहीस. आठ महिने नाही बोललास तरी माझी हरकत नाही, शेजारून चाल म्हणजे झाले.

धाकटीचे लग्न ठरल्याचे वाचून आनंद झाला. मुलगा बडोद्यातलाच आहे हे फार बरे. वहिनींना नमस्कार. निवृत्तीचे पैसे अडकले होते त्याचे काय झाले, ते कळव. आणि तू स्वतः शेवटची साखर कधी तपासलीस? अण्णांचा मुलगा आहेस, म्हणून हे विचारतो, टाळू नकोस.

एक गोष्ट मात्र मला कितीही आठवले तरी आठवत नाही. अण्णांची उरलेली चप्पल तुझ्या आईंनी कित्येक दिवस ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली होती, दुसरी कोणीतरी आणून देईल म्हणून. मी नक्कल करताना डावा पाय अनवाणी ठेवत असे की उजवा? तुला आठवत असेल तर लिही.

तुझा,
मधू