नाकेबंदी आम्ही पाहिली आहे

मा. संपादक,
स. न.

रशियन पाहुणे येणाऱ्या मोरजीतल्या पर्यटन धंद्यावर आपल्या दैनिकात नुकतेच एका वाचकाचे पत्र आले. ‘युक्रेनचे युक्रेन बघून घेईल, आपल्या शॅकमध्ये गिऱ्हाईक बसले म्हणजे झाले,’ असा त्याचा एकूण सूर होता. ते वाचल्यापासून मनाला स्वस्थता नाही. मी मांद्रेचा, मोरजी माझा शेजारचा गाव. वास्कोला खाणमालाच्या निर्यातीचे कागद तयार करण्यात माझी सारी नोकरी गेली. दूरच्या लढाईशी आपले देणे-घेणे नाही, असे त्या टेबलावर बसलेल्या माणसाला म्हणता येत नाही. कुठल्या बंदरात काय उतरते आणि तिथून पुढे कुठे जाते हे त्याला दिसत असते.

शिवाय माझ्या वयाच्या गोंयकारांनी नाकेबंदी अंगावर काढली आहे. १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीच्या हद्दीवर सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या तेव्हा मी सात वर्षांचा होतो. त्यानंतर भारत सरकारने पणजीतली वकिलात बंद केली, कॅसलरॉकहून येणारी आगगाडी थांबली, हद्द बंद झाली. मुंबईहून पैसे पाठवण्यावर बंधने आली. माझे काका परळच्या गिरणीत होते आणि त्यांच्या मनीऑर्डरीवर आमची चूल पेटायची. बांद्याच्या आत्याकडे मुलीचे लग्न निघाले, पण आईला परवाना मिळाला नाही. लग्नाच्या दिवशी ती दिवसभर अंगणात बसून होती, एवढे मला नीट आठवते. बांदा आमच्यापासून किती लांब, ते पेडणेकरांना सांगायला नको.

आणि पाखल्यांचे, म्हणजे पोर्तुगीजांचे, काय झाले? म्हापशाच्या बाजारात हॉलंडचे बटाटे आले. तांदूळ पाकिस्तानातून आणि ब्रह्मदेशातून आला. दाबोळीला विमानतळ झाला आणि तिथून कराचीला विमाने सुटू लागली. लोहखनिज जपान आणि पश्चिम जर्मनी घेत होते, त्यामुळे खाणी पूर्वीपेक्षा जोरात चालल्या. ज्यांच्याकडे खनिज वाहणाऱ्या बार्जी होत्या त्यांची घरे दुमजली झाली. सहा वर्षांत गव्हर्नर जनरलच्या ताटातला एक घास कमी झाला असेल असे मला वाटत नाही. भारताचा हेतू न्याय्य होता, त्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. पण एकट्याने दार लावले आणि बाकीच्या जगाने खिडक्या उघड्या ठेवल्या, तर मार बसतो तो मनीऑर्डरीची वाट बघणाऱ्याला.

२४ फेब्रुवारी २०२२ला रशियाच्या फौजा युक्रेनमध्ये शिरल्यापासून हीच आठवण मला सोडत नाही. २ मार्चला संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत १४१ देशांनी या आक्रमणाचा निषेध केला. विरोधात पाच मते पडली आणि ३५ देश तटस्थ राहिले, त्यांत आपण होतो. आपले हजारो विद्यार्थी तेव्हा तिथे अडकले होते, हे मी विसरलो नाही. तरीही त्या दिवशी माझी मान खाली गेली.

इथे दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की रशियाने आपल्यासाठी व्हेटो वापरला. खरे आहे. १८ डिसेंबर १९६१ला सुरक्षा परिषदेत गोव्यातून भारतीय सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला. सात मते बाजूने, चार विरुद्ध, आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो पडला. त्या उपकाराची जाण मलाही आहे. पण त्या सोव्हिएत संघात युक्रेनही होता. उपकार फक्त मॉस्कोचे आणि कीवचे काहीच नाहीत, हा हिशेब कुठल्या वहीतला?

दुसरा आक्षेप बोचरा आहे: आपणही सैन्य घालूनच गोवा घेतला ना? घेतला, आणि त्या सैन्याचे स्वागत करणाऱ्यांत मी होतो. पण गोवा स्वयंशासित नाही, ती वसाहत आहे, हे राष्ट्रसंघाच्या आमसभेनेच डिसेंबर १९६०मध्ये ठरावाने नोंदवले होते. चौदा वर्षे बोलणी, अर्ज, सत्याग्रह झाले आणि लिस्बनने दारसुद्धा उघडले नाही. युक्रेन कोणाची वसाहत नव्हता. त्याच्या सीमा मान्य असल्याची सही खुद्द रशियाने १९९४मध्ये बुडापेस्टला केली होती, आणि त्या सहीच्या भरवशावर युक्रेनने आपल्या भूमीवरची अण्वस्त्रे देऊन टाकली. या दोन गोष्टी एकाच तागडीत घालणे मला मान्य नाही.

मग बाहेरच्यांनी करायचे काय? माझे उत्तर कागद करणाऱ्या माणसाचे आहे. सैन्य ज्याच्यावर चालते ते आधी अडवा, सगळ्यांनी मिळून अडवा आणि लगेच अडवा. बाकीचे नंतर.

याचा दाखला शोधायला युरोपात जावे लागत नाही, तो वास्कोत पाण्यावर उभा आहे. गोवा शिपयार्डने जुलै २०२४मध्ये ‘त्रिपुट’ या युद्धनौकेचे जलावतरण केले. बांधणी रशियन आराखड्याची, आणि आतली गॅस टर्बाइन इंजिने युक्रेनमधल्या मिकोलाइव्ह शहरातल्या कारखान्याची. याच कुळातली जहाजे रशिया स्वतःच्या नौदलासाठीही बांधत होता. २०१४मध्ये रशियाने क्रिमिया गिळल्यावर युक्रेनने ती इंजिने देणे बंद केले आणि रशियाच्या सहापैकी तीन जहाजे इंजिनाविना गोदीत अडकली. रशियाला स्वतःच्या नौदलासाठी ती पुरी करता आली नाहीत. त्यांतली दोन शेवटी भारताने घेतली आणि त्यांची इंजिने युक्रेनकडून आपणच विकत आणून दिली. ‘तुशील’ आणि ‘तमाल’ ती हीच. एका कारखान्याने दिलेला नकार एवढ्या मोठ्या नौदलाला भारी पडला. त्याच मिकोलाइव्हच्या बंदरात मार्च २०२२मध्ये आपले ७५ खलाशी अडकले होते, हेही इथे सांगून ठेवतो. तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारे, ज्यांच्या घरी आहेत त्यांना ते दिवस कसे गेले असतील ते कळेल.

याच्या उलट १९३५चे उदाहरण. मुसोलिनीने अबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, सैन्य घातले तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाच्या आधीच्या जागतिक संघाने (लीग ऑफ नेशन्स) इटलीवर व्यापारबंदी घातली, पण बंदीच्या यादीतून तेल वगळले. सुएझ कालवाही इटलीच्या जहाजांना खुलाच राहिला. मे १९३६मध्ये राजधानी अदिस अबाबा पडली आणि जुलैत बंदी उठलीसुद्धा. रणगाडे तेलावर चालतात हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होते.

२०२२मध्ये युरोपने पुन्हा तेच केले. समुद्रमार्गे येणारे रशियन कच्चे तेल बंद करायला त्यांना ५ डिसेंबर उजाडला. तोवर भाव चढलेले होते, आणि त्या वर्षी रशियाची तेल-वायूची कमाई घटायच्या ऐवजी वाढली. आपणही मागे राहिलो नाही. युद्धाआधी आपल्या तेलाच्या आयातीत रशियन तेल दोन टक्क्यांच्या आत होते, पुढे ते एक तृतीयांशाच्या वर गेले. गरीब देशाने स्वस्त तेल घ्यावे, हा युक्तिवाद मला कळतो. मालीम जेटीवरच्या ट्रॉलरवाल्याला डिझेलचा भाव काय करतो ते मी बघतो. पण त्या स्वस्ताईचा लाभ त्याला मिळाला का? मे २०२२पासून मार्च २०२४पर्यंत तेल कंपन्यांनी पंपावरचा मूळ भाव जवळपास हलवलाच नाही. तेच तेल शुद्ध होऊन डिझेल म्हणून युरोपला गेले, आणि आपल्याला उपदेश करणाऱ्या युरोपने ते घेतले. ही पळवाट बंद करायचा निर्णय त्यांनी केला तो जुलै २०२५मध्ये. दोन्हीकडच्या या वागण्याचा मला सारखाच संताप आहे.

कंपन्यांबद्दल. मॅकडोनाल्ड्सने रशियातली साडेआठशेच्या आसपास दुकाने विकून टाकली. रेनोने अव्तोवाझ या रशियन मोटार कंपनीतला आपला हिस्सा नाममात्र किमतीला दिला, मात्र सहा वर्षांत परत घेण्याचा हक्क राखून. यांनी जायला नको होते असे मी म्हणत नाही, कारण तिथे भरलेला कर सरकारच्याच तिजोरीत जातो. पण पावात घातलेल्या मांसाच्या वडीने कुणाचे घर पडत नाही. युक्रेनमध्ये पडलेल्या क्षेपणास्त्रांच्या अवशेषांत पाश्चात्त्य कंपन्यांच्या चिप सापडत राहिल्या, त्या कुणी विकल्या? त्या मधल्या देशांतून, दोन-तीन हात फिरून गेल्या. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजात चढवलेल्या मालाच्या पावतीवर, एका बंदराचे नाव आणि माल भलत्याच बंदरात, हा खेळ आमच्या धंद्यात नवा नाही. खरेदीदाराची कंपनी गेल्याच महिन्यात स्थापन झालेली असेल, पूर्वी कधी न घेतलेला माल ती एकदम दहापट मागत असेल, तर कागद करणाऱ्या कारकुनालाही वास येतो. मोठ्या कंपनीला तो येत नाही, यावर माझा विश्वास नाही. तिने माल कुठे पोचला ते शेवटपर्यंत तपासावे, आणि सांगता येत नसेल तर विकू नये. दुकानावरचा फलक उतरवण्यापेक्षा हे काम कितीतरी कठीण आहे आणि त्याचे फोटोही छापून येत नाहीत.

नियम मात्र सगळ्यांना एकच हवा. २००३मध्ये अमेरिकेने इराकवर सैन्य घातले तेव्हा तिच्यावर कुणी व्यापारबंदी घातली? त्याआधी बारा-तेरा वर्षे त्याच इराकवर सरसकट बंदी होती. सद्दाम राजवाड्यात राहिला आणि हाल झाले ते सामान्य माणसांचे. भारताने तरी या बाबतीत संकोच करू नये. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश आपला, आणि तो आपण १९४६मध्ये तोडला, स्वतः स्वतंत्र होण्याच्या आधी. तेव्हा आपण आजच्यापेक्षा श्रीमंत नव्हतो.

आता मोरजी. मार्च २०२२मध्ये रशियन बँकांची कार्डे इथे चालेनाशी झाली तेव्हा आमच्या ओळखीच्या एका शॅकवाल्याने एका रशियन कुटुंबाला तीन आठवडे उधारीवर जेवू घातले. त्याच महिन्यात शेजारच्या खोलीतल्या युक्रेनियन बाईकडून त्याने भाडे घेतले नाही. त्याने केले ते बरोबर केले. सप्टेंबर २०२२मध्ये रशियाने तीन लाख लोकांच्या सैन्यभरतीचा हुकूम काढला, आणि ती टाळून देश सोडणाऱ्यांत काही तरुण आमच्याकडेही आले. लढायला नकार देऊन आलेल्या पोराच्या तोंडावर दार लावण्यात कसला निषेध? चौकशी करायची तर किनाऱ्यावरच्या जमिनीत आणि बंगल्यांत येणाऱ्या परक्या पैशाची करा. तो कुठून येतो, नावावर कुणाच्या होतो, हे पंचायतीपासून मामलेदारापर्यंत सगळ्यांना विचारता येते.

शेवटची गोष्ट समुद्राची. बंदी चुकवण्यासाठी म्हाताऱ्या टँकरांचा एक ताफाच जगभर फिरतो आहे. त्यांचे मालक कोण ते कळत नाही, झेंडे बदलत राहतात, विम्याचा भरवसा नसतो. कांदोळीच्या वाळूत ‘रिव्हर प्रिन्सेस’ ही बोट जून २०००मध्ये रुतली आणि ती काढायला बारा वर्षे लागली. तिच्यात तेलाचा माल नव्हता आणि मालक गोव्यातच होता, तरी ही गत. भरलेला टँकर आमच्या किनाऱ्याला लागला तर कुणाला शोधायचे? दर पावसाळ्यात डांबराचे गोळे वेचणाऱ्या गावांना हा प्रश्न पडायला हवा.

या जहाजांवर आपली मुले जात आहेत, म्हणून राज्य सरकारला आणि जहाजवाहतूक महासंचालनालयाला माझी विनंती आहे. अशा जहाजांची नावे मराठी-कोकणीत गावोगावच्या पंचायतीत लावा, आणि त्यांवर भरती करणाऱ्या एजंटांचे परवाने रद्द करा. गेल्या महिन्यात शेजारचा मुलगा करारपत्र घेऊन माझ्याकडे आला. पगार नेहमीच्या दीडपट होता. विमा कंपनीच्या नावाची जागा कोरी होती आणि जहाजाचे नाव दोन वर्षांत तिसऱ्यांदा बदललेले. मी त्याला सही करू नको म्हणून सांगितले. त्याने ऐकले. तो आता घरी आहे, बहिणीचे लग्न मार्गशीर्षात ठरले आहे आणि त्याची आई माझ्याशी बोलत नाही. सरकारने अशा मुलांना दुसऱ्या जहाजावर जागा मिळवून देण्याची काही व्यवस्था करावी. नाहीतर पुढच्या वेळी मी सांगूनही तो सही करील, आणि मला त्याला अडवता येणार नाही.

आपला,
एक निवृत्त वाचक
मांद्रे, पेडणे