फोरमनकाका, आभार

अकरा वर्षांनी परवा जुन्या कारखान्यात गेलो. गेटवरच्या दादांनी ओळखलं, तरी हेल्मेट आणि सेफ्टी शूजशिवाय आत सोडलं नाही. बरं केलंत!

प्रेस शॉपमध्ये, म्हणजे दाबून आकार देणाऱ्या मशीनच्या विभागात, डाय (साचा) बदलणं चाललं होतं. मेन स्विचला फिटरचं स्वतःचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात, रॅमखाली, म्हणजे प्रेसच्या वरखाली होणाऱ्या जड भागाखाली, टेकू म्हणून सेफ्टी ब्लॉक. वीज बंद असली तरी वरचा रॅम स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो, हे मी इथेच शिकलो. इथे कामाला असताना एकदा माल पाठवायच्या घाईत ब्लॉक न लावताच हात घालायला निघालो होतो. फोरमनकाकांनी मनगट धरलं, लाइन थांबवली आणि साहेबांची बोलणी स्वतः खाल्ली. मला मात्र एक शब्द नाही.

काका, आणि तेव्हा ब्लॉक धावत आणणाऱ्या हेल्परदादा, हे दहाही बोटांनी टाइप करतोय. मनापासून आभार.